ऐकून घ्यायला शिकू या

(संस्थेच्या वर्षावास कार्यक्रमात सभासद व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला बोलण्याचे निमंत्रण दिले तेव्हा मी प्रथम नकार दिला. मी वक्ता नाही. बी.ए. झालो आणि बँकेत लिपिक म्हणून लागलो, त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. मी त्यांना म्हणालो, "बोलणे हे माझे काम नाही. काउंटरमागे बसून लोकांचे ऐकणे हे माझे काम." ते लगेच म्हणाले, "मग ऐकण्यावरच बोला." अशा रीतीने विषय ठरला. परंतु घरी जाऊन विचार करू लागलो तेव्हा लक्षात आले की, मी दिवसभर लोकांसमोर बसतो हे खरे, पण त्यांचे ऐकतोच असे नाही. म्हणून आज मी या विषयातला जाणकार म्हणून उभा नाही. ज्याची चूक झाली आणि ज्याला ती उशिरा कळली, असा एक माणूस म्हणून मी चार शब्द सांगणार आहे.

मित्रहो, आपल्या मराठीत 'ऐकणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, कानाने ऐकणे. दुसरा, सांगितलेले मानणे. "पोरगा माझे ऐकत नाही" असे आई म्हणते, तेव्हा पोराचे कान बिघडले असे कोणी समजत नाही. या दुसऱ्या अर्थाने आपल्या मनात एक चुकीची समजूत रुजवली आहे. ती अशी की, ऐकणे हे लहानाचे काम आणि बोलणे हे मोठ्याचे. मुलाने बापाचे ऐकावे, विद्यार्थ्याने शिक्षकाचे ऐकावे, शिपायाने साहेबाचे ऐकावे. बापाने मुलाचे ऐकावे, साहेबाने शिपायाचे ऐकावे, असे सहसा कोणी म्हणत नाही. माणूस जसजसा वरच्या खुर्चीवर जातो, तसतसे आपले ऐकण्याचे काम संपले असे त्याला वाटू लागते.

आपल्या समाजाने तर पिढ्यान् पिढ्या फक्त ऐकण्याचेच काम केले. हुकूम ऐकायचा आणि मान खाली घालून निघायचे. आपल्याला बोलण्याचा अधिकार नव्हता. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी पाक्षिक सुरू केले, त्याला 'मूकनायक' हे नाव दिले, ते उगीच नव्हे. मुक्यांना वाचा मिळाली. आपण शिकलो, नोकरीला लागलो, आपल्यातले काही खुर्चीवर बसले. हे सर्व चांगलेच झाले. पण वाचा मिळाली तरी समोर ऐकून घेणारा कान असावा लागतो. आज त्या कानाच्या जागी कधी कधी आपणच बसलेलो असतो. तेव्हा आपण काय करतो, हा आजचा खरा प्रश्न आहे.

माझ्यापासूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. महिन्याचा दुसरा आठवडा होता, काउंटरवर गर्दी होती. सत्तरीच्या आसपासची एक आजी आली. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले. म्हणाली, "साहेब, माझं निराधारचं पैसं आलं न्हाईत." मी संगणकावर खाते पाहिले. पैसे जमा नव्हते. मी सांगितले, "आजी, वरूनच आले नाहीत. तहसीलला विचारा." ती म्हणाली, "आवो, पर तितं म्हणत्यात पैसं सोडल्यात. आन् सुनंनं माझ्या..." मी तिला पुढे बोलू दिले नाही. "तहसीलला जा म्हटलं ना. हं, पुढे कोण आहे?"

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. पुन्हा तेच. तिने सुनेचे नाव काढले आणि मी पुढच्या माणसाची स्लिप हातात घेतली. सासू-सुनेचे भांडण ऐकायला मला वेळ नव्हता.

तिसऱ्या वेळी ती रांगेत उभीच राहिली नाही. बाकड्यावर बसून होती. जेवणाच्या सुट्टीत मी पाण्याची बाटली भरायला बाहेर आलो, तर ती तिथेच. सहज विचारले, "काय आजी, अजून इथंच?" आणि का कोण जाणे, तिच्या शेजारी बसलो. तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. सहा-सात मिनिटे लागली असतील. त्यात एक वाक्य आले. गावात दुसऱ्या एका बँकेचा कॅम्प लागला होता, बचत गटासाठी म्हणून सुनेने तिथे हिचेही खाते उघडून घेतले होते, आधार कार्ड दिले होते आणि हिने अंगठा लावला होता.

बँकेत काम करणाऱ्याला एवढे वाक्य पुरेसे असते. सरकारी अनुदान आधार क्रमांकावरून जमा होते, तेव्हा ते आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. तिचे पैसे बुडाले नव्हते, अडलेही नव्हते. दर महिन्याला त्या नव्या खात्यात बिनबोभाट जमा होत होते. तहसीलवाले म्हणत होते पैसे सोडले, ते खरे होते. मी म्हणत होतो आमच्याकडे आले नाहीत, तेही खरे होते. आणि या दोन खऱ्या गोष्टींमधला दुवा तिच्या त्या अर्ध्या वाक्यात होता. ते वाक्य मी दोनदा तोडले होते.

या काळात तिने एसटीने तहसीलच्या खेपा घातल्या, शेजारणीकडून उसने घेतले आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद ठेवल्या. मी ओशाळून म्हणालो, "आजी, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" ती रागावली नाही. म्हणाली, "सांगत हुते की. पर तुमास्नी लई काम असतं."

बांधवांनो, या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. कारण हे वाक्य मी लहानपणी ऐकले होते. माझी आई मजुरी करायची. दाखल्यासाठी, रेशनकार्डासाठी ती मजुरी बुडवून कचेरीत जायची आणि काम न होताच परत यायची. आम्ही विचारायचो, "काय झालं?" ती म्हणायची, "साहेबांना लई काम हुतं." मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. त्या न पाहिलेल्या साहेबाचा मला भयंकर राग यायचा. आपण शिकून मोठे व्हायचे आणि असे वागायचे नाही, असे मी ठरवले होते. शिकलो, नोकरी लागली, खुर्ची मिळाली. आणि तो साहेब मीच निघालो.

हीच माझी आई ऐकण्याच्या बाबतीत मात्र मला फार मोठी वाटते. तिला अक्षरओळख नव्हती. पण वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू झाले की ती रोज पुढच्या सतरंजीवर बसायची. हातात काही काम नाही, शेजारणीशी कुजबुज नाही. घरी आल्यावर आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या आत्याला, जिला चालवत नव्हते, त्या दिवशीचा भाग ती सांगायची. एखाद्या दिवशी मध्येच अडखळली की म्हणायची, "हितलं मी नीट ऐकलंच न्हाई." आणि दुसऱ्या दिवशी वाचणाऱ्या गुरुजींना तेवढे पुन्हा विचारून यायची. आपण ऐकले की नाही, हे ओळखण्याची एवढी सोपी कसोटी मला नंतर कुठल्याही पुस्तकात सापडली नाही. जे दुसऱ्याला सांगता येते ते आपण ऐकले. बाकीचे कानावरून गेले.

आपल्या धम्माचा इतिहासही याच कसोटीवर उभा आहे. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. महाकाश्यप स्थविर प्रमुख होते. उपालीने विनय सांगितला आणि आनंदाने धम्म सांगितला. आनंदाने पंचवीस वर्षे तथागतांची सेवा केली होती आणि बहुश्रुतांमध्ये त्याला अग्रस्थान होते. बहुश्रुत म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो. सुत्ताच्या प्रारंभी 'मी असे ऐकले आहे' अशा अर्थाचे शब्द येतात, ते आनंदाचे शब्द मानले जातात. पुढे श्रीलंकेत वट्टगामणी राजाच्या काळात, इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, हे वाङ्मय ग्रंथरूपाने लिहिले गेले. तोपर्यंत कित्येक शतके धम्म ऐकणाऱ्यांनी सांभाळला. उपासकाला आणि शिष्याला 'श्रावक' म्हणतात, त्याचा अर्थच मुळी ऐकणारा असा आहे.

अंगुत्तर निकायात ऐकणाऱ्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला माणूस पालथ्या घड्यासारखा. वरून कितीही पाणी ओता, आत थेंब जात नाही. आपण मराठीत 'पालथ्या घड्यावर पाणी' म्हणतो, तेच हे. दुसरा माणूस मांडीवर तीळ, तांदूळ, बोरे असा खाऊ घेऊन बसलेला. बसला आहे तोवर सर्व जवळ असते, पण भान न ठेवता उठला की सगळे सांडते. आपल्यापैकी बरेच जण या दुसऱ्या प्रकारात मोडतात. सभेत माना डोलावतो, टाळ्या वाजवतो आणि चपला घालता घालता विसरतो. तिसरा माणूस सुलट्या घड्यासारखा. त्यात ओतलेले आत राहते.

आधुनिक काळात याच गोष्टीचा अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात राल्फ निकोल्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी ऐकण्याच्या सवयींवर अनेक वर्षे काम केले आणि १९५७ साली एका सहलेखकासोबत त्यावर पुस्तक लिहिले. त्यांना असे आढळले की, भाषण संपल्या संपल्या विचारले तरी सामान्य माणसाला ऐकलेल्यापैकी निम्मेच आठवते आणि दोन महिन्यांनी जेमतेम पाव हिस्सा उरतो. याचे एक कारणही त्यांनी दिले. माणूस इंग्रजीत बोलताना मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बोलतो. मन मात्र त्याहून कितीतरी वेगाने धावते. त्यामुळे ऐकताना मनाला मोकळा वेळ सापडतो. त्या वेळात ते बाजारात जाऊन येते, घरच्या हप्त्याचा हिशेब करते, आणि परत येईपर्यंत बोलणारा पुढे निघून गेलेला असतो. ज्याला ऐकायचे आहे त्याने हा मोकळा वेळ बोलणाऱ्याच्याच मुद्द्यावर खर्च करावा. हा काय सांगू पाहतो, याचा आधार काय, हा काय सांगायचे टाळतो, याचा विचार करावा.

आता आपल्या वाईट सवयी पाहू. मी माझ्यात पाहिलेल्या आहेत तेवढ्याच सांगतो.

पहिली सवय, वाक्य तोडण्याची. समोरचा काय बोलणार हे आपल्याला आधीच कळले असे वाटते. अनुभवी माणसाला ही सवय जास्त जडते. शंभर जणांनी तीच तक्रार आणली, म्हणून एकशे एकाव्याचीही तीच असणार, असे तो गृहीत धरतो.

दुसरी सवय, माणूस पाहून ऐकण्याची. ही मला सर्वांत घातक वाटते. इस्त्रीचे कपडे घातलेला, शुद्ध भाषेत बोलणारा ग्राहक आला की मी पेन खाली ठेवतो. फाटक्या लुगड्यातली बाई बोलू लागली की माझे डोळे घड्याळाकडे जातात. जातीवरून माणसाची किंमत ठरवणाऱ्यांविरुद्ध आपण लढलो. मग कपड्यांवरून आणि बोलीवरून कोणाचे किती ऐकायचे हे ठरवण्याचा आपल्याला काय अधिकार? आपल्या आया-बहिणी त्याच बोलीत बोलत आल्या आहेत.

तिसरी सवय, समोरचा बोलत असताना मनात उत्तर जुळवण्याची. ही पाहायची असेल तर कोणत्याही संस्थेची बैठक पाहावी. एक सभासद हिशेबाबद्दल प्रश्न विचारतो. दुसरा त्याचा प्रश्न न ऐकता, हा आपल्यावर आरोप करतो आहे असे धरून उठतो. तिसरा एका शब्दावर चिडतो. मग अर्धा तास त्या शब्दावर जातो आणि हिशेब तसाच राहतो. कितीतरी मंडळे अशीच फुटली. पैशाच्या अफरातफरीपेक्षा न ऐकण्याने फुटलेली मंडळे मी अधिक पाहिली आहेत.

चौथी सवय, दुसऱ्याच्या बोलण्याला आपली कहाणी जोडण्याची. माझा मुलगा नववीत असताना एकदा म्हणाला, "पप्पा, मागच्या बाकावरून फळ्यावरचं काही कळत नाही." मी लगेच माझे बालपण सुरू केले. आम्ही कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, आम्हाला कसली शिकवणी नव्हती, वगैरे वगैरे. बिचारा अर्धा तास ऐकत उभा राहिला. पुढे दोन महिन्यांनी शाळेत नेत्रतपासणी झाली तेव्हा कळले की त्याला चष्मा लागला आहे. त्याला फळा दिसत नव्हता! त्या दिवशी माझ्या घरात ऐकण्याचे काम फक्त त्यानेच केले.

पाचवी सवय, ऐकल्यासारखे दाखवण्याची. डोळे मोबाइलवर आणि तोंडाने "हं, हं". याबद्दल जास्त बोलत नाही. घरोघरी रोज संध्याकाळी ते चालू असते.

आता उपाय काय? उपाय साधे आहेत, पण रोज करावे लागतात.

एक, कोणी बोलायला आले की हातातली वस्तू खाली ठेवावी आणि त्याच्याकडे वळावे. दोन, समोरचा थांबला तरी लगेच बोलू नये. मनात तीनपर्यंत आकडे मोजावेत. भित्रा माणूस खरी गोष्ट पुष्कळदा शेवटी सांगतो. तीन, उत्तर देण्यापूर्वी त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्यालाच सांगावे. "म्हणजे तुमचं म्हणणं असं आहे ना?" कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वादविवादासाठी असाच नियम सुचवला होता. समोरच्याचे म्हणणे त्याचे समाधान होईल असे आधी मांडून दाखवायचे, मगच आपले बोलायचे. आपल्या संस्थेच्या पुढच्या बैठकीत हा नियम एक दिवस तरी पाळून पाहावा, अशी माझी अध्यक्षांना नम्र विनंती आहे.

चार, उठण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा, "आणखी काही सांगायचं आहे का?" त्या आजीनंतर मी काउंटरवर हा प्रश्न विचारू लागलो. सहकारी म्हणाले, "अशाने रांग दारापर्यंत जाईल." त्यांचे म्हणणे खोटे नाही. समोर चाळीस माणसे उभी असताना प्रत्येकाची सगळी हकिगत ऐकता येत नाही. अशा वेळी मी सरळ सांगतो, "आजी, आत्ता गर्दी आहे. गर्दी ओसरेपर्यंत बसा, मग निवांत ऐकतो." आणि मग खरोखर ऐकतो. वेळ नाही हे सांगण्यात अपमान नाही. न ऐकता ऐकल्याचे नाटक करून माणसाला खेपा घालायला लावणे, हा अपमान आहे. आणि खरे सांगायचे तर बहुतेकांना "आणखी काही?" या प्रश्नाचे उत्तर "न्हाई साहेब, एवढंच" असेच द्यायचे असते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी थोडे वेगळे सांगतो. वर्गात प्रत्येक शब्द उतरवून घेण्याची धडपड करू नका. हात लिहितो आणि डोके झोपते. मुद्दे तेवढे लिहा. तास संपल्यावर वही मिटून, सरांनी काय सांगितले ते पाच ओळींत लिहा. जिथे अडखळाल तिथे तुम्ही ऐकले नाही असे समजा आणि दुसऱ्या दिवशी विचारा. माझी अशिक्षित आई हेच करत होती. तुम्ही तर शिकलेले आहात.

एक शंका मात्र दूर केली पाहिजे. काही कार्यकर्ते म्हणतात, "सगळ्यांचे ऐकत बसलो तर आपले मत राहणार नाही." ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे. केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी काय सांगितले ते आठवा. एखादी गोष्ट परंपरेने ऐकत आलो किंवा आपल्या गुरूने सांगितली, एवढ्याच कारणाने ती स्वीकारू नये, अनुभवाने पारखावी, हा त्या उपदेशाचा आशय आहे. पण पारखायची तरी आधी पूर्ण ऐकावी लागते. अर्धे ऐकून नाकारणे ही चिकित्सा होत नाही. ऐकून प्राप्त होणारी प्रज्ञा, चिंतनाने प्राप्त होणारी आणि भावनेने म्हणजे अभ्यासाने प्राप्त होणारी, असे प्रज्ञेचे तीन प्रकार धम्मात सांगितले आहेत. ऐकणे ही सुरुवात आहे.

त्या आजीचे पुढे काय झाले, हे विचाराल. तिचे आधार पुन्हा आमच्या खात्याला जोडून दिले आणि साठलेले पैसे तिने त्या दुसऱ्या बँकेतून काढून आणले. ती अजून येते. आता रांगेत उभी राहूनच बोलायला सुरुवात करते, आणि बऱ्याचदा त्यात सुनेचेही असते. मी ऐकतो. सगळेच कामाचे असते असे नाही. पण कामाचे कोणते आणि बिनकामाचे कोणते, हे तिचे वाक्य संपण्यापूर्वी मी ठरवत नाही.

माता-भगिनींनो, बांधवांनो, आज घरी गेल्यावर एवढे करा. तुमच्या घरात सर्वांत कमी कोण बोलते, ते पाहा. म्हातारी आई असेल, नवी सून असेल, नापास झालेला मुलगा असेल. त्याच्याजवळ दहा मिनिटे बसा आणि त्याला बोलू द्या. उपदेश उद्या करा.



जयभीम! नमो बुद्धाय!